फायरफॉक्स ३ उद्या यायलंय – बेळगाव, निपाणी, खानापूरवाले, कोण काय वापरता?

तिसरं_गेट_टिळकवाडी | १६ जून २००८, रात्री ९:४०

मंडळी, उद्या मंगळवारी फायरफॉक्स ३ (इंटरनेटवरची पानं बघायचा ब्राउझर) यायलंय, आपल्या घड्याळानं रात्री साडेदहाला. ते बनवणाऱ्या मोझिलावाल्यांनी चोवीस तासात सगळ्यात जास्त डाउनलोड व्हायचा गिनीज विक्रम करायचं मनावर घेतलंय, ५० लाखाचं टार्गेट धरलंय, त्यामुळं आपल्या भागातून जितक्या जणांना जमेल तितक्यांनी त्या चोवीस तासातच उतरवून घ्या ही पहिली विनंती.

पण माझं खरं कारण विक्रम नाही. मी बीटा (चाचणीची आवृत्ती) वापरायलोय आणि त्यात एक गोष्ट बघून मला इतका आनंद झालाय की इथं लिहिल्याशिवाय राहवेना. फाफॉ (फायरफॉक्स) २ मध्ये मराठी मजकूर जस्टिफाय केलेला असला, म्हणजे दोन्ही कडा सरळ, की अक्षरं फुटतात. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी बसायची ती नंतर जाते, जोडाक्षराचे तुकडे होतात, 'विद्यार्थी' वाचता येत नाही. कितीतरी मराठी ब्लॉगवाले पान सुंदर दिसावं म्हणून जस्टिफाय करतात आणि फाफॉवाल्यांना तेच पान सगळ्यात वाईट दिसतं. तीन मध्ये हे गेलं. अक्षर मांडायचं सगळं काम नव्यानं लिहिलंय त्यांनी, त्यामुळं वेलांटी जिथल्या तिथं.

तर उद्या उतरवल्यावर पहिल्यांदा मेल उघडू नका, एक लांबलचक मराठी पान उघडा. आणि आयईवाले (म्हणजे मायक्रोसॉफ्टचा इंटरनेट एक्सप्लोरर), ऑपेरावाले सगळ्यांनी लिहा, भांडण लावायला विचारत नाही, खरंच जाणून घ्यायचंय आपल्याकडं कोण काय वापरतंय.

निपाणी_ऑपेरा | १६ जून, रात्री १०:२५

बाळ, तुझा उत्साह बघून बरं वाटलं. पण चारच दिवस झाले, १२ तारखेला ऑपेरा ९.५ आलं, त्याचा धागा कुणी काढला नाही याचं वाईट वाटतंय. मी २००० पासून ऑपेरा वापरतोय. तेव्हा वरती जाहिरातीची पट्टी असायची, ती चालवून घेतली, २००५ ला ती पण गेली, आता सगळं मोकळं.

तुमच्या फाफॉ ३ मध्ये 'पूर्ण पान मोठं करा' हे नवीन म्हणून सांगायलेत, म्हणजे नुसती अक्षरं नाही तर चित्रासकट. ऑपेरात ते कधीपासून आहे. टॅब आधी आमच्याकडं. माउस ओढून मागं जाणं आमच्याकडं. आता ९.५ मध्ये तर वाचलेल्या पानातला कुठलाही शब्द वरच्या पट्टीत टाका, पान सापडतं. हे सगळं दुसऱ्याच्या नावावर जाताना बघितलं की जीव तुटतो की नाही सांग.

माझ्यासारख्या तंबाखू पिकवणाऱ्या गावात बसलेल्या माणसाला अजून एक महत्त्वाचं, चित्रं एका बटणात बंद. कनेक्शन रडतखडत चालत असलं की मजकूर तेवढा येतो आणि काम होतं.

खडेबाजार_सायबर | १६ जून, रात्री ११:०५

माझं कॅफे आहे, आठ मशीन. तीन वर अजून विंडोज ९८ आहे. फाफॉ ३ ला कमीत कमी विंडोज २००० लागतं असं वाचलं, म्हणजे ती तीन गेलीच. बाकी पाच विंडोज एक्सपी. आठही वर आयई चालतंय, कारण गिऱ्हाईक येतंय ते फॉर्म भरायला आणि रिझल्ट बघायला. मागच्या महिन्यात एका परीक्षेचा फॉर्म होता, साइटवरच लिहिलेलं आयई ६ आणि ८०० बाय ६०० मध्येच बघा. एका पोरानं पेनड्राइव्हवरनं दुसरा ब्राउझर आणून फॉर्म भरला, सबमिट दाबलं, काहीच झालं नाही, शेवटची तारीख, बाहेर पाऊस, पोराच्या डोळ्यात पाणी. परत आयईत पहिल्यापासून भरून दिला त्याला, पैसे घेतले नाहीत. मला सांगा मी कशाला बदलू.

वडगाव_उबुंटू | १६ जून, रात्री ११:३०

सायबरवाले दादा, तुमचं दुखणं खरं आहे पण दोष त्या साइटचा आहे, ब्राउझरचा नाही. आयई ६ ऑगस्ट २००१ मध्ये आलं आणि आयई ७ यायला ऑक्टोबर २००६ उजाडलं. पाच वर्षं! समोर कुणी उरलंच नव्हतं म्हणून सुधारायची गरज पडली नाही. त्या पाच वर्षात ज्यांनी साइट बनवल्या त्यांनी आयई ६ म्हणजेच इंटरनेट असं धरून बनवल्या आणि त्याची फळं आपण अजून भोगतोय. फायरफॉक्स १.० आलं २००४ च्या नोव्हेंबरात, तेव्हा कुठं मायक्रोसॉफ्टला जाग आली.

मी विंडोजऐवजी उबुंटू ८.०४ वर आहे, एप्रिलमध्ये आलं तेव्हाच त्यात फाफॉ ३ चं बीटा ५ घालून दिलेलं. लोहित फॉन्ट टाकले की मराठी आणि कन्नड दोन्ही नीट दिसतंय.

अनगोळ_मावशी | १७ जून, सकाळी ७:१५

मी शाळेत शिकवते, कॉम्प्युटर मुलानं पुण्याला जाताना बसवून दिला, त्यात निळा ई आहे तोच मी वापरते, सात नंबरचा आहे म्हणे. मला तुमची भांडणं कळत नाहीत पण एक विचारायचंय. मराठी पेपर मला यात वाचता येतात. मुलगा म्हणतो फायरफॉक्स घाल, पण त्यानं सुट्टीत घालून दाखवलं तर तोच पेपर इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसायला लागला, मी म्हटलं काढ बाबा ते. असं का होतं? आणि तीनमध्ये पण तसंच असेल का?

तिसरं_गेट_टिळकवाडी | १७ जून, सकाळी ८:५०

मावशी, हा प्रश्न विचारलात बरं झालं, नीट सांगतो.

मराठी पेपरांच्या कितीतरी साइट अजून युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला सगळीकडं एकच ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, नाहीत. त्यांचा स्वतःचा फॉन्ट असतो. म्हणजे मुळात तिथं इंग्रजी अक्षरंच लिहिलेली असतात, फक्त त्या फॉन्टमध्ये 'क' च्या जागी एक चित्र, 'ख' च्या जागी दुसरं चित्र. तो फॉन्ट पानाबरोबर आपोआप उतरवायची जी पद्धत या साइट वापरतात ती आयईचीच आहे, म्हणून तुमच्या निळ्या ई मध्ये पेपर दिसतो आणि दुसरीकडं खिचडी दिसते. तीनमध्ये पण ते आपोआप सुटणार नाही. त्यासाठी फाफॉला 'पद्म' नावाचं ॲडऑन (वरनं जोडायचा छोटा प्रोग्राम) आहे, ते असल्या फॉन्टातला मजकूर वाचता वाचता युनिकोडमध्ये बदलून देतं. मूळ तेलुगूसाठी केलेलं, नंतर बाकी भारतीय लिप्या घातल्या. फक्त नवीन व्हर्जनवर कुठलंही ॲडऑन लगेच चालेलच असं नसतं, म्हणून तुमच्याकडं दोन्ही राहू देत, निळा ई काढायचा नाही.

खरा उपाय पेपरवाल्यांनी युनिकोडवर यायचा. ते आले की कुठलाही ब्राउझर घ्या, दिसणार. आणि शोधता पण येणार! आत्ता त्या पेपरात बेळगावची बातमी आली तरी गूगलवर 'बेळगाव' टाकून ती सापडत नाही, कारण गूगलच्या लेखी तिथं 'बेळगाव' लिहिलेलंच नाही. आपल्या भाषेतलं रोज इतकं लिहिलं जातं आणि कुणाला सापडत नाही, मला हे लै लागतं मनाला.

उद्यमबाग_फौंड्री | १७ जून, दुपारी १:१०

जेवणाच्या सुट्टीत लिहायलोय. मी आयई ७ वाला आहे आणि लाजत नाही. टॅब आहेत, खोट्या बँकेच्या साइट ओळखायची सोय आहे, ऑफिसचं सगळं चालतं. विक्रमासाठी डाउनलोड करा म्हणणं मला पटत नाही. या प्रकारात आधी कुणाचा विक्रमच नव्हता, मग कितीही आकडा आला तरी विक्रमच की. ब्राउझर चांगला असला तर माणूस आपणहून घेईल, त्याला मुहूर्त कशाला.

वडगाव_उबुंटू | १७ जून, दुपारी २:३५

मुहूर्त यासाठी दादा, की मोझिलाकडं विंडोजसारखं प्रत्येक मशीनबरोबर आपोआप जायचं साधन नाही. आयई कुणी उतरवत नाही, ते आधीच बसलेलं असतं. फायरफॉक्स माणसानं माणसाला सांगूनच पसरलंय. ॲपलनं बघा, मार्चमध्ये सफारी ३.१ काढलं आणि गाण्यांच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटबरोबर विंडोजवाल्यांच्या पुढ्यात टाकलं, ज्यांनी मागितलंच नव्हतं त्यांच्यापण. त्यापेक्षा हे बरं नव्हे? या म्हणून बोलावणं धाडलंय, यायचं तर या.

तिसरं_गेट_टिळकवाडी | १८ जून, पहाटे २:४०

झोपलो नाही. साडेदहाला बसलो, साइट उघडेचना. जगभरचे लोक एकदम तुटून पडले आणि सर्व्हर बसले. सुरुवात व्हायला पावणेबारा वाजले. माझ्या प्लॅनला रात्री दोन ते सकाळी आठ फुकट असतं म्हणून दोनपर्यंत थांबलो आणि मग लावलं, सातेक एमबी आहे. मध्ये लाइट गेली, यूपीएसनं धरलं.

उतरलं! बसवलं! जस्टिफाय केलेलं मराठी पान उघडलं, एकही वेलांटी हललेली नाही. बाहेर धो धो पाऊस आणि मी एकटा बसून मोठ्यानं वाचायलोय.

निपाणी_ऑपेरा | १८ जून, सकाळी ६:३०

अभिनंदन बाळ. ऑपेरावाल्याकडून मनापासून. आता झोप.

उद्यमबाग_फौंड्री | १९ जून, रात्री ८:२०

बातमी वाचली का? फाफॉ ३ येऊन पाच तास झाले नाहीत तोवर त्यात सुरक्षेचं छिद्र सापडल्याचं कळवलंय. विंडोजमध्ये छिद्र सापडलं की सगळे तुटून पडता, आता बोला.

वडगाव_उबुंटू | १९ जून, रात्री ९:०२

सापडलंय, खरं आहे. ते छिद्र फाफॉ २ मध्ये पण आहे, म्हणजे नव्या कामानं आलेलं नाही, आधीचंच. ज्यांना सापडलं त्यांनी तपशील बाहेर न सांगता मोझिलाला कळवलंय, दुरुस्ती होईल. छिद्र नसलेलं सॉफ्टवेअर नसतंय दादा, किती दिवसात बुजवतात ते बघायचं.

एक तक्रार मात्र माझीपण आहे. ज्या साइटनं सुरक्षेचं सर्टिफिकेट विकत न घेता स्वतःच बनवलंय तिथं गेलं की फाफॉ ३ मोठी भीती घालणारी पाटी दाखवतं आणि पुढं जायला चार ठिकाणी क्लिक करावं लागतं. आपल्याकडच्या छोट्या कॉलेजच्या, सोसायटीच्या साइटवर लोक तिथनंच परत फिरणार. हेतू चांगला आहे पण गरीबाला भुर्दंड.

खानापूर_रान | १९ जून, रात्री १०:१५

खानापूरच्या पुढं आमच्या गावात लाइन नाही, पावसात तर फोनपण दोन दोन दिवस बंद. मी मोबाइलवर ऑपेरा मिनी वापरतोय, तेच हा धागा उघडतंय, कारण पान आधी त्यांच्या सर्व्हरवर बारीक होऊन येतं, पैसे कमी जातात. पण फोनमध्ये मराठी फॉन्ट नसल्यानं मला तुमचं सगळं लिखाण चौकोन चौकोन दिसायलंय! बेळगावला आल्यावर कॅफेत बसून वाचतोय आणि हे पण तिथंच लिहायलोय. कोण जिंकलं ते सोडा, मोबाइलवर मराठी कधी दिसेल ते सांगा. आमच्या तालुक्यात कॉम्प्युटर येण्याआधी मोबाइल आलाय.

निपाणी_ऑपेरा | २० जून, सकाळी ६:४५

खानापूरकर, या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न तुम्ही विचारलात. यात आमच्या लाडक्या ऑपेराचीपण मान खाली जाते. पान बारीक केलं, खर्च वाचवला, पण वाचता आलं नाही तर काय उपयोग. मी त्यांच्या फोरमवर इंग्रजीत लिहून टाकतो आजच. तुम्ही फोनचं मॉडेल कळवा.

खडेबाजार_सायबर | २१ जून, रात्री १०:५०

एक घडलं ते सांगतो. काल एका एक्सपी मशीनवर टाकून बघितलं फाफॉ ३, गेटवाल्याच्या सांगण्यावरनं मराठी पान उघडलं तर चौकोनच चौकोन. म्हटलं हेच का ते. मग आयईत उघडलं, तिथंपण चौकोन! म्हणजे इतकी वर्षं या मशीनवर युनिकोड मराठी दिसतच नव्हतं आणि मला पत्ता नाही, कारण गिऱ्हाईक फॉर्म इंग्रजीत भरतंय आणि पेपर त्यांच्या फॉन्टवर दिसतोय. आता कळलं की पोरं मराठी साइट उघडून लगेच का बंद करत होती. कुणी बोललं नाही मला.

तिसरं_गेट_टिळकवाडी | २१ जून, रात्री ११:२०

दादा, ब्राउझरचा दोष नाही! हे मी पहिल्याच पोस्टमध्ये लिहायला पाहिजे होतं, चुकलं माझं. एक्सपीत भारतीय लिप्या आधीपासून चालू नसतात. कंट्रोल पॅनेलमध्ये जा, रीजनल अँड लँग्वेज ऑप्शन्स, त्यात लँग्वेजेसचा टॅब, तिथं कॉम्प्लेक्स स्क्रिप्टच्या फायली बसवा असं लिहिलेल्या चौकोनात बरोबरची खूण करा. ते एक्सपीची सीडी मागतं, सीडी घातली की फायली घेतं आणि मशीन बंद करून चालू करायला सांगतं. मग देवनागरीचा मंगल आणि कन्नडचा तुंगा दोन्ही फॉन्ट मिळतात.

आमच्या घरी असंच झालेलं. दुकानदारानं मशीन बसवलं, हे केलंच नाही. आजोबांना दिवाळीत कौतुकानं बोलावून मराठी कविता दाखवायला गेलो तर स्क्रीनभर चौकोन. आजोबा चष्मा पुसत होते, त्यांना वाटलं डोळ्यांचंच काहीतरी झालं. ते मी विसरू शकत नाही. त्यानंतर ते कॉम्प्युटरपुढं बसायला तयारच नव्हते, मग फेब्रुवारीत सीडी मिळवली, सगळं बसवलं, परत बोलावलं. आता रोज संध्याकाळी अर्धा तास वाचतात.

सीडी नसली तर मी घेऊन येतो, उद्या रविवार आहे.

खडेबाजार_सायबर | २१ जून, रात्री ११:३५

ये की. अकराला उघडतो.

अनगोळ_मावशी | २२ जून, सकाळी ७:००

मला पण ते कन्नडचं सांग रे. शाळेला खात्याची परिपत्रकं कन्नडमधून येतात, आता काही साइटवर पण यायला लागली आहेत, माझ्याकडे ओत्तक्षरं (जोडाक्षरातलं खालचं अक्षर) खाली बसत नाहीत, बाजूला पडतात. कन्नड मला वाचता येतं पण असं मोडलेलं वाचताना जीव जातो. दोन्ही भाषा नीट दिसल्या पाहिजेत, आपल्याकडं एकीवर भागत नाही.

तिसरं_गेट_टिळकवाडी | २२ जून, सकाळी ८:१०

मावशी, त्याच एका खुणेनं तेपण होईल असं वाटतंय, दोन्ही लिप्यांच्या फायली एकदमच येतात. तुम्ही मराठी कशात टाइप करता? बरह का? तेपण मुळात कन्नडसाठीच केलेलं, 'बरह' म्हणजे कन्नडमध्ये लेखन. इथले निम्मे लोक मराठी लिहितात ते त्याच्यातच. दुपारी कॅफेनंतर अनगोळला येतो.

उद्यमबाग_फौंड्री | २२ जून, सकाळी ९:३०

मी पण येतो कॅफेत, माझ्याकडं दोन सीड्या आहेत. ब्राउझर मी बदलणार नाही, पण हे काम बरोबर आहे.

अनगोळ_मावशी | २२ जून, रात्री ८:४५

ओत्तक्षरं बसली! सकाळचं परिपत्रक आत्ता परत उघडून पूर्ण वाचलं. आणि फायरफॉक्समध्ये कंट्रोल धरून अधिकचं बटण दाबलं की सगळं पान मोठं होतं तेपण दाखवलं मला, चष्म्याशिवाय वाचता येतंय. निळा ई पण ठेवलाय, पेपरसाठी.

वडगाव_उबुंटू | ३ जुलै, रात्री ९:१५

गिनीजचं पक्कं झालं, काल जाहीर केलं. चोवीस तासात ८० लाख २ हजार ५३०. त्यातला एक टिळकवाडीचा, पहाटे दोनचा.

आणि ही गोष्ट मला सगळ्यात आवडली. आयईच्या टीमनं मोझिलाच्या ऑफिसात केक पाठवला, अभिनंदन म्हणून. २००६ मध्ये फाफॉ २ आलं तेव्हापण पाठवलेला. बाजारात एकमेकांच्या उरावर बसलेली माणसं, पण समोरच्यानं किती रात्री जागून काम केलंय ते त्यांनाच ठाऊक.

उद्यमबाग_फौंड्री | ३ जुलै, रात्री ९:४०

आमच्या टीमनं पाठवला बरं का केक. बेळगावात असते तर कुंदा पाठवला असता. गेटवाल्या, रविवारी कॅम्पात भेट, मी घेतो.

निपाणी_ऑपेरा | ४ जुलै, सकाळी ६:२०

मला पण ठेवा थोडा, पुढच्या आठवड्यात कोर्टाच्या कामाला बेळगावला यायलोय. खानापूरकर, फोनचं मॉडेल अजून कळवलं नाही तुम्ही.

खडेबाजार_सायबर | ४ जुलै, रात्री १०:३०

चार मशीन झाली. आयई आणि फाफॉ ३ दोन्ही ठेवलेत, फॉर्मवाल्यांना आयई देतोय. पाचव्यावर सीडी वाचेना, उद्या ड्राइव्ह काढून पुसून बघतो. विंडोज ९८ वाल्या तिनावर ऑपेरा टाकलंय, निपाणीच्या अण्णांना सांगा, पळतंय. काल खानापूरवाले आले होते, दोन नंबरवर बसून हा धागा पहिल्यापासून वाचला त्यांनी, तासाभरानं उठले. मॉडेल कागदावर लिहून दिलंय, सकाळी टाइप करून टाकतो.